शून्य गाड्यांची फेरी

त्या रस्त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर काका माझ्याशी बोलणं सोडतील, आणि एकदा सोडलं की ते पुन्हा सुरू करत नाहीत, हे आमच्या सोसायटीच्या तीन माजी सेक्रेटरींना विचारा. पुण्याच्या पश्चिमेला धरणं पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकाच्या पाण्याला पूर्ण वळसा घालणारा अरुंद डांबरी रस्ता आहे, बेचाळीस किलोमीटरचा. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला डोंगर, मध्ये चार वाड्या. एवढी माहिती पुरे.

काका कोथरूडला आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहतात. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासणीच्या कामावर होते. समोर आलेली वस्तू पास की नापास, एवढंच सांगायचं. निवृत्तीनंतरही ते काम त्यांनी थांबवलेलं नाही. सोसायटीची लिफ्ट, वाण्याकडचे पोहे, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, सगळ्यांचा निकाल ते एका शब्दात लावतात. कारण विचारलं तर म्हणतात, "कारणं आम्ही देत नसू. माल परत पाठवत असू."

माझी त्यांची ओळख झाली ती पार्किंगमध्ये. पन्नाशीला डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून मी सायकल घेतली, पौड रोडवर तीन दिवस चालवली आणि चौथ्या दिवशी एका रिक्षाने मला थेट उसाच्या गुऱ्हाळात घातलं. सायकल मग पाच महिने खांबाला बांधलेली होती. काका एकदा तिच्याकडे बघत उभे होते. मी म्हटलं, "विकायची आहे."

"सायकल पास आहे. रस्ता नापास आहे," ते म्हणाले. "रविवारी पहाटे पाचला खाली या. पाणी, पंक्चरचं सामान, डबा. अजून काय लागेल त्याची यादी करा."

मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात आहे. यादी केल्याशिवाय मला कोथिंबीरसुद्धा आणता येत नाही. मी बावीस वस्तूंची यादी करून रविवारी खाली गेले. त्यांनी ती टॉर्चच्या उजेडात नीट वाचली, सुईदोरा खोडला, खिशात ठेवली आणि त्या दिवसापासून मला 'यादीबाई' म्हणायला लागले.

आम्ही चौघं असायचो. काका, मी, सी विंगमधले दातांचे डॉक्टर आणि आयटीत काम करणारी सई. सायकली टेम्पोत घालून धरणाच्या भिंतीपर्यंत जायचं आणि तिथून चालवायला घ्यायच्या. शहरात काका सायकलवर बसत नाहीत. गाड्यांचा एवढा तिटकारा असलेला माणूस टेम्पोने कसा येतो, असं डॉक्टरांनी एकदा विचारलं. काका म्हणाले, "देवळापर्यंत चपला घालूनच जातात, डॉक्टर. आत नाही नेत."

त्यांची सायकल काळी, चोवीस इंची, बिनगियरची. तिला घंटा नव्हती. "समोर कोणी असेल तर घंटा लागते. समोर कोणी नसावं म्हणून तर इथे यायचं." डोक्यावर कारखान्यातलं पिवळं शिरस्त्राण. खिशात छोटी डायरी आणि तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.

ती डायरी कशासाठी, हे पहिल्याच दिवशी कळलं. सात किलोमीटर झाले असतील, मागून मोटरसायकलचा आवाज आला. काकांनी हात वर केला, सायकलवरून उतरले, ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि उभे राहिले. मोटरसायकल गेली. ते उभेच. ती वळणाआड गेली, तरी उभेच. पाण्यावरून येणारा तिचा आवाज पार विरून गेल्यावर त्यांनी डायरी काढली, वेळ लिहिली, 'मोटरसायकल, जाणारी' असं लिहिलं आणि पुन्हा सायकलवर बसले.

डॉक्टर वैतागले. "अहो काका, ती केव्हाच गेली!"

"ऐकू येत होती तोवर इथेच होती."

त्या दिवशी आम्ही अकरा वेळा उतरलो. बेचाळीस किलोमीटरला साडेपाच तास लागले. दातांच्या डॉक्टरांनी घरी जाऊन पुन्हा येणार नाही असं जाहीर केलं आणि पुढच्या रविवारी पाचला पाच मिनिटं असताना ते खाली हजर होते. काकांबरोबर एकदा गेलेला माणूस पुन्हा का जायचा, हे मला सांगता येत नाही. एवढं खरं की अकराव्या गाडीचा आवाज विरल्यावर मला धरणाच्या पाण्याचा काठाला लागणारा आवाज ऐकू आला होता, आणि तोवर पाण्याला तसा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

मोजणीचे नियम पक्के होते. बैलगाडी मोजायची नाही. ट्रॅक्टर मोजायचा. जेसीबी उभा असला तरी इंजिन चालू असेल तर मोजायचा. पाण्यावरची लाँच मोजायची नाही, कारण ती रस्त्यावर नाही. सईने एकदा विचारलं, "काका, बट विमानाचं काय? आवाज तर येतो ना."

"रस्त्यावर उतरलं तर मोजू."

उभ्या गाडीचा नियम सगळ्यांत विचित्र होता. रस्त्यात कुठे गाडी उभी दिसली की काका सायकल हळू करायचे आणि न उतरता, जाता जाता, तिच्या बॉनेटला तळहात लावायचे. गरम असेल तर मोजायची. गार असेल तर ती गाडी नव्हे, सामान. फार्महाऊसवर आलेल्या एका गृहस्थांनी हे पाहून "ओ, काय करताय?" असं दरडावलं. काका शांतपणे म्हणाले, "ताप बघतोय." आणि पुढे गेले.

हे सगळं चाललं होतं ते एका गोष्टीसाठी. पूर्ण फेरीत एकही गाडी भेटू नये. शून्य. डायरीत नऊ वर्षांच्या फेऱ्या होत्या आणि शून्य एकदाही नव्हता. सगळ्यांत कमी आकडा दोन. तो आला त्या रविवारी सईने "काका, ऑलमोस्ट झीरो!" म्हणून टाळी मागितली. त्यांनी टाळी दिली नाही. "आमच्या कारखान्यात जवळजवळ सुरक्षित असं काही नसायचं," म्हणाले.

शून्याचा हट्ट कशासाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मला हौसाबाईंकडून कळलं. एकोणचाळिसाव्या किलोमीटरला शेवटची वाडी आहे. तिथे आंब्याखाली त्यांचं चहाचं छप्पर आहे. एकदा काका खाली पाण्यावर हात धुवायला गेले असताना मी सहज म्हटलं, "काकांचं उतरणं बघून हसू येत असेल ना तुम्हांला?"

"त्यांचं कुठलं ओ ते," हौसाबाई म्हणाल्या. "ते बाईंचं हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाई म्हणजे काकांच्या पत्नी. काकू छप्पन्न वर्षांच्या असताना याच रस्त्यावर सायकल शिकल्या. शहरात त्यांना धीर झाला नव्हता. इथेसुद्धा गाडीचा आवाज आला की त्यांचे हात कापायचे. म्हणून त्या उतरायच्या, कडेला उभ्या राहायच्या आणि आवाज पूर्ण गेल्याशिवाय पुन्हा बसायच्या नाहीत. उभ्या गाडीलाही भ्यायच्या. काकांना पुढे पाठवायच्या, "गरम आहे का बघा. गरम असली तर माणसं जवळच असतील, एकदम सुटेल." काकूंची एकच इच्छा होती, एक पूर्ण फेरी न उतरता करायची. ती व्हायच्या आत त्या गेल्या.

"तवापास्नं भाऊ त्यांच्यासारखं उतरत्यात," हौसाबाई म्हणाल्या. "पाणी कमी टाकू का च्यात?"

त्यानंतर काकांनी हात वर केला की मी कुरकूर न करता उतरू लागले. कुरकूर डॉक्टर करायचे. मी त्यांना काही सांगितलं नाही.

मग गुडघे गेले. दोन्ही. काका त्र्याहत्तरचे होते. हाडांच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली आणि सायकल पुढे चालवता येईल का, या प्रश्नावर फक्त नकाराची मान हलवली. काकांनी हे आम्हांला टेम्पोत, पोह्यांच्या निकालाइतक्या सहज सांगितलं. "तीन रविवार आहेत. बघू."

पहिल्या रविवारी चौदा गाड्या झाल्या. दुसऱ्या रविवारी नऊ, त्यात एक वऱ्हाडाची बस. त्या रात्री मी यादी करायला बसले.

माझी यादी अशी. मुक्कामी एसटी सहाला सुटते, म्हणजे आपण साडेसहाला निघायचं. दुधाच्या टेम्पोवाल्याला अर्धा तास आधी यायला सांगायचं. फार्महाऊसच्या तिन्ही रखवालदारांना भेटायचं, मालक दहापर्यंत बाहेर पडणार नाहीत असं बघायचं. मोटरसायकली एकूण सतरा, घरोघर जायचं. शेवटच्या वाडीतल्या संपतची पिकअप, दहाच्या आत काढायची नाही. मी कॉलेजातून दोन दिवस रजा घेतली आणि चारही वाड्या फिरले. मला वाटलं होतं लोक हसतील. एकही हसला नाही. "बाईंच्या फेरीचं हाय व्हय," म्हणाले आणि कबूल झाले.

राहिले पुण्याहून येणारे. रस्ता अडवणं बरं नव्हे म्हणून धरणाच्या भिंतीजवळ पाटी लावायची आणि पाटीशेजारी डॉक्टरांनी खुर्ची टाकून बसायचं, असं ठरलं. मजकूर मी लिहिला: 'पुढे पाहण्यासारखे काहीही नाही. फक्त पाणी आहे. ते आपल्या घरी नळाला येते.' खाली 'कृपया दहानंतर यावे', कारण नुसतं 'येऊ नये' लिहिलं की पुणेकर मुद्दाम येतो.

काकांना आम्ही यातलं अक्षर कळू दिलं नाही. डॉक्टर का नाहीत, तर त्यांना दात काढायचा आहे, असं सांगितलं. "रविवारी?" काका म्हणाले. "अक्कलदाढ असेल."

निघालो. पाच किलोमीटर झाले. दहा झाले. अर्ध्यावर, एकविसाव्या किलोमीटरच्या मोरीवर, दर वेळी काका अर्धा डबा खातात. त्या दिवशी डबा उघडलाच नाही. "चला," एवढंच म्हणाले. तिसाव्या किलोमीटरनंतर चढ आहे, तिथे त्यांचे गुडघे करकरलेले मला मागून ऐकू येत होते, इतकी शांतता होती. सई माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती. मी मनात सतरा मोटरसायकलींवर एकेक खूण करत होते.

एकोणचाळिसावा किलोमीटर. आंब्याखाली संपतची पिकअप उभी. काकांनी सायकल हळू केली, हात लांबवला, तळहात टेकवला.

"गार," ते म्हणाले. आवाज वेगळाच होता.

तेवढ्यात पिकअपच्या मागच्या बाजूने कण्हल्यासारखं ऐकू आलं. मी थांबले. हौद्यात घोंगडीवर हौसाबाई बसल्या होत्या. डाव्या हाताला फडकं घट्ट बांधलेलं, कपाळावर घाम, ओठ सुकलेले. संपत शेजारी उभा होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "ताई, इच्चू चावलाय. तांबडा. अर्धा तास झाला. मी म्हनतोय काढतो, तर ही काढू दीना."

"दहापतूर न्हाई काढायची म्हनलंय ताईंनी," हौसाबाई म्हणाल्या. "तीनच किलोमीटर ऱ्हायल्यात भाऊंचे. मी काय मरत न्हाई तेवढ्यात."

काका सायकलवरच होते. एक पाय अजून पायडलवर. त्यांनी हौसाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळं एका नजरेत कळलं त्यांना. चौतीस वर्षं तेच काम केलं होतं.

"संपत, काढ गाडी."

"भाऊ, बाईंची फेरी..." हौसाबाई म्हणाल्या.

"बाई असती तर तुला हाताला धरून कधीच पाठवली असती. काढ म्हणतो ना!" एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. "वाटेत थांबू नकोस. दवाखान्यात शिरल्या शिरल्या विंचू म्हणून सांग, तांबडा म्हणून सांग."

सई हौद्यात चढून हौसाबाईंना धरून बसली. संपतने इंजिन चालू केलं. काका सायकलवरून उतरले. सायकल कडेला घेतली आणि उभे राहिले, नेहमीसारखे. पिकअप वळणाआड गेली, डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर पुन्हा दिसली, पुन्हा नाहीशी झाली. तिचा आवाज पाण्यावरून किती वेळ येत राहिला कोण जाणे. तो संपल्यावर त्यांनी डायरी काढली. वेळ लिहिली. 'पिकअप, जाणारी.' आणि ओळीच्या शेवटी 'एक'.

डायरी खिशात ठेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "यादीत विंचू नव्हता, यादीबाई."

मी "चुकलं" म्हटलं. राहिलेले तीन किलोमीटर आम्ही पुढेमागे गेलो. भिंतीपाशी डॉक्टर खुर्चीवरून धडपडत उठले, आणि पाटी लपवायची त्यांची घाई पाहून काकांनी ती मुद्दाम सरळ करून वाचली. पूर्ण वाचली. मग खिशातली पेन्सिल काढून 'नळाला येते' च्या पुढे लिहिलं, 'एक दिवसाआड'.

मला रडू यायचं ते हसू आलं. तेही हसले असं मी म्हणणार नाही. पण टेम्पोत बसताना त्यांनी माझी सायकल वर चढवून दिली, स्वतःच्या गुडघ्यांनी.

हौसाबाई चौथ्या दिवशी घरी आल्या. दवाखान्यातल्यांनी सांगितलं होतं, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे, आणि तेव्हापासून मी लोकांच्या वतीने याद्या करण्याआधी जरा थांबते.

काकांचे दोन्ही गुडघे बदलले. ते आता काठी घेऊन बी विंग ते गेट अशा फेऱ्या मारतात आणि फिजिओथेरपिस्टला रोज नापास करतात. आम्ही तिघं रविवारी जातो. संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाते. ते एकच प्रश्न विचारतात, "किती?" मी आकडा सांगते, ते डायरीत लिहितात. गाडी आली की आम्ही उतरतो, कडेला उभे राहतो, आवाज जाईपर्यंत. डॉक्टरसुद्धा. त्यांना मी काकूंची गोष्ट शेवटी सांगितली.

गेल्या महिन्यात आम्ही असेच निघालो. साडेसातच्या सुमाराला दुधाचा टेम्पो भेटला, उतरलो. मग काहीच नाही. मोरी गेली, चढ गेला, डोंगरात कुठे तरी भारद्वाज घुमत होता तेवढंच. एकोणचाळिसाव्या किलोमीटरला आंबा दिसला, आणि आंब्याखाली एक पांढरी मोटार.

जवळ गेले तर पुढच्या सीटवर काका. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण. हौसाबाई त्यांच्या खिडकीशी बशीत चहा धरून उभ्या. स्टिअरिंगवर काकांची मुलगी, डोळे तांबारलेले.

"बघा ना हो तुम्हीच," ती मला म्हणाली. "पहाटे साडेपाचला आणून बसवलंय मला इथे. चार तास! उजाडलंही नव्हतं. का, तर म्हणे गाडी गार व्हायला हवी, ते लोक यायच्या आत. सावलीतच लाव म्हणे, उन्हाने तापली तर वाद होईल."

काका समोर बघत होते. "किती?" त्यांनी विचारलं.

"एक. दुधाचा टेम्पो. सात अठ्ठावीस, येणारा."

"आणि ही?"

मी पुढे झाले आणि बॉनेटवर तळहात टेकवला. वरून आंब्याचा मोहोर गळून त्याचा पातळ थर पसरला होता.

"गार," मी म्हटलं.

"मग एकच," म्हणाले आणि त्यांनी लिहिलं.

चहा झाला. हौसाबाईंनी पैसे घेतले नाहीत, त्यावर काकांनी चहा नापास केला, त्यावर हौसाबाईंनी त्यांना आणखी एक कप दिला. आम्ही सायकलींवर बसलो तसा मुलीने किल्लीला हात घातला. काकांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "तीन किलोमीटर आहेत त्यांचे अजून."

आम्ही निघालो. मी मागे वळून पाहिलं नाही, पण धरणाच्या भिंतीपर्यंत माझे कान मागेच होते. आवाज आला नाही.